सहलीच्या फोटोंचा क्रम दर वेळी का विस्कटतो, आणि डिजीकॅममध्ये तो कायमचा कसा लावायचा

नेपाळची सहल आटोपते, सहा जणांचे फोटो एका फोल्डरमध्ये गोळा होतात, आणि उघडून पाहावं तर पोखऱ्याच्या फेवा तालातली नाव पशुपतिनाथाच्या दर्शनाआधी येऊन बसलेली. कॅमेऱ्यातले फोटो भलत्याच सालात पडलेले. व्हॉट्सॲपवरून आलेले सगळे एकाच तारखेखाली साचलेले. व्हिडिओ तर पहाटे चारचे, जेव्हा सगळे झोपलेले होते. कुणीतरी चिकाटीने बसून हाताने ओढून क्रम लावतं, पण तो त्या एका प्रोग्रॅमपुरता टिकतो. फोल्डर पेनड्राइव्हवरून दुसरीकडे गेला की सगळं पहिल्यासारखं. पुढच्या सहलीला पुन्हा तेच.

गडबड असते ती फोटोच्या आत लिहिलेल्या वेळेत. ती वेळ फाइलीतच, एडिटिंगला हात लावण्याआधी दुरुस्त केली तर क्रम फाइलीबरोबर फिरतो. मग फोटो कुठल्याही फोनवर, कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडा. खालची सगळी रीत मोफत आणि मुक्त प्रोग्रॅमांवर चालते. मुख्य काम डिजीकॅमचं, म्हणजे फोटो लावून-सांभाळून ठेवायच्या प्रोग्रॅमचं, जो विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर मिळतो. फोटो फोनवरून मुळाबरहुकूम उतरवायला लोकलसेंड, आणि एडिटिंगला डार्कटेबल किंवा गिंप.

एका फोटोला चार वेळा असतात

पहिली वेळ एक्झिफमधली, म्हणजे कॅमेरा फोटोच्या फाइलीतच जी माहिती लिहून ठेवतो तिच्यातली: बटण दाबलं त्या क्षणी कॅमेऱ्याच्या घड्याळात जे होतं ते. डिजीकॅमच्या उजव्या बाजूच्या मेटाडेटा (फाइलीबद्दलची माहिती) टॅबमध्ये ती 'डेट अँड टाइम ओरिजिनल' म्हणून दिसते. दुसरी फाइलीची 'मॉडिफाइड' वेळ, जी एडिट केलं, डाउनलोड केलं की बदलते. तिसरी फाइलीच्या नावातली. चौथी त्या त्या प्रोग्रॅमने स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवलेली. कोण कुठली वेळ पाहतं यावर क्रम ठरतो, म्हणून तोच फोल्डर दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी दिसतो. विंडोजच्या फोल्डरमध्ये 'डेट मॉडिफाइड'ने लावलेला क्रम आणि 'डेट टेकन'ने लावलेला क्रम शेजारी शेजारी पाहा, म्हणजे लगेच पटेल.

आपल्याला भरवशाची फक्त पहिली. पण तिच्यातही एक मोठी उणीव आहे: एक्झिफच्या मूळ वेळेत टाइमझोनची नोंदच नव्हती. २०१६ साली आलेल्या २.३१ या आवृत्तीत त्यासाठी वेगळा रकाना आला. अलीकडचे फोन तो भरतात, जुने डीएसएलआर भरत नाहीत. त्यामुळे '१०:३०' म्हणजे पुण्याचे की काठमांडूचे, हे फाइलीला ठाऊक नसतं.

फरक किती, यावरून रोग ओळखा

डिजीकॅममध्ये एकाच प्रसंगाचे दोन उपकरणांनी काढलेले फोटो शेजारी ठेवा आणि त्यांच्या मूळ वेळेतला फरक मोजा. ग्रुप फोटो, नाव सुटतानाचा क्षण, पहिला चहा, काहीही चालेल. निदान बहुतेक वेळा या एका आकड्यात मिळतं.

बरोबर १५ मिनिटं फरक असेल तर तो नेपाळचा टाइमझोन. नेपाळची वेळ ग्रीनिचच्या ५ तास ४५ मिनिटं पुढे, आपली ५ तास ३० मिनिटं. ही पंधरा मिनिटं फार फसवी असतात, कारण दिवस तोच राहतो, सकाळ सकाळच दिसते, फक्त देवळाच्या आतले आणि बाहेरचे फोटो एकमेकांत मिसळतात. नेपाळचं सिम घातलेला फोन काठमांडूची वेळ घेतो. हॉटेलच्या वायफायवर चालणारा फोन बऱ्याचदा भारतीय वेळेवरच राहतो. म्हणजे एकाच कुटुंबातले दोन फोन दोन वेळा दाखवतात. थायलंडला हाच फरक दीड तासाचा, दुबईला दीड तास उलट दिशेने.

फरक ५ तास ३० मिनिटं किंवा ५ तास ४५ मिनिटं आला तर ग्रीनिच वेळ मधे आली आहे. हे बहुतेक व्हिडिओंत होतं, त्याबद्दल पुढे. पिक्सेल फोनच्या 'पीएक्सएल'ने सुरू होणाऱ्या फाइलींच्या नावातही ग्रीनिच वेळच असते, आतली एक्झिफ वेळ मात्र स्थानिक. म्हणून अशा फोनचे फोटो नावाने लावले तर चुकतात, एक्झिफने लावले तर बरोबर येतात.

बरोबर १२ तास म्हणजे कॅमेऱ्यात घड्याळ लावताना एएम-पीएमची चूक. हिची आणखी एक खूण आहे: फोटोंची तारीख मध्यरात्रीऐवजी भर दुपारी बाराला बदलते.

काही वर्षांचा फरक आला, आणि पहिला फोटो एखाद्या सालच्या १ जानेवारीचा असेल, तर कॅमेऱ्याची बॅटरी बरेच दिवस बाहेर राहिली, आतलं घड्याळ बंद पडलं आणि नव्याने मोजायला लागलं. इथे धीर सोडू नका. फोटोंमधलं आपापसातलं अंतर शाबूत असतं, सगळ्यांना एकच मोठा आकडा मिळवला की काम होतं. मात्र सहलीत मधेच बॅटरी पुन्हा उतरून घड्याळ दुसऱ्यांदा शून्यावर गेलं असेल तर दोन गट वेगळे करून दोन वेगळे आकडे लागतात.

३ मिनिटं ४० सेकंद असा अडनिडा फरक म्हणजे घड्याळ हळूहळू सरकलंय, कॅमेऱ्यांचं नेहमीचंच.

आणि मूळ वेळेचा रकाना कोराच असेल तर तो फोटो व्हॉट्सॲपची प्रत आहे, स्क्रीनशॉट आहे किंवा एखाद्या एडिटिंग ॲपमधून निघालेला आहे.

फोटो गोळा करताना

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की एक्झिफ पूर्ण पुसलं जातं, वेळही आणि ठिकाणही, आणि लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. एचडी निवडलं तर पिक्सेल वाढतात, पण पुसलेली वेळ परत येत नाही. अँड्रॉइडवर त्याचं नाव 'आयएमजी-२०२५०११४-डब्ल्यूए००१२' अशा घाटाचं होतं. त्यातली तारीख फोटो काढल्याची नसते, फोटो आला त्या दिवसाची असते. सहलीनंतर आठवड्याने मावशींनी पाठवलेले सगळे फोटो त्या एकाच दिवशी का साचतात, ते यामुळे.

म्हणून मंडळींना एवढंच सांगा: फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ज्येष्ठांना हे जमत नसेल तर भेटीत लोकलसेंड वापरा. दोन्ही उपकरणं एका वायफायवर असली की पुरे, इंटरनेट लागत नाही, आणि फाइल छोटी होत नाही. आयफोनवरून एअरड्रॉप करताना वरच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'ऑल फोटोज डेटा' चालू ठेवा. गुगल फोटोजमध्ये कुणी तारीख आधीच दुरुस्त केली असेल तर लक्षात घ्या, ती दुरुस्ती डाउनलोड केलेल्या फाइलीच्या आत उतरत नाही.

कॉम्प्युटरवर प्रत्येक उपकरणासाठी वेगळा फोल्डर करा: 'आईचा फोन', 'कॅमेरा', 'संजूचा फोन'. हे फार महत्त्वाचं आहे. सगळं आधीच एकत्र ओतलं तर कुणाला किती मिनिटं मिळवायची ते वेगळं काढताना दमछाक होते, आणि एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असतील तर सारख्या नावाच्या फाइली एकमेकींवर लिहिल्या जाऊ शकतात. या सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा. दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय मेमरी कार्ड पुसू नका.

डिजीकॅमची एक मांडणी आधी तपासा

डिजीकॅम पहिल्यांदा सुरू करताना विचारतं की माहिती फाइलीत लिहायची की नाही. अनेकजण भीतीने 'काही करू नका' निवडतात, आणि मग सगळी मेहनत डिजीकॅमच्या डेटाबेसमध्येच अडकून पडते. सेटिंग्ज → कॉन्फिगर डिजीकॅम → मेटाडेटा इथे जाऊन टाइमस्टॅम्प फाइलीत लिहिण्याची खूण चालू आहे ना, ते पाहा. रॉ फाइलीच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फोटोच्या, आत डिजीकॅम आपणहून काही लिहीत नाही. त्यांच्यासाठी 'साइडकार' म्हणजे शेजारी ठेवली जाणारी एक्सएमपी फाइल चालू करा. जेपेगसाठी मात्र फक्त साइडकारवर भिस्त ठेवू नका, फोन आणि बहुतेक प्रोग्रॅम तिच्याकडे पाहतच नाहीत.

घड्याळाचा फोटो

फरक अंदाजाने काढण्यापेक्षा मोजून काढावा. सगळ्यात सोपी रीत अशी: एक फोन प्रमाण धरा, त्यावर सेकंद दाखवणारं घड्याळ उघडा, आणि बाकीच्या प्रत्येक फोन-कॅमेऱ्याने त्या पडद्याचा फोटो काढा. सहलीत पहिल्या संध्याकाळी हॉटेलच्या टेबलावर दोन मिनिटांत होतं. सहल आधीच संपली असेल तरी कॅमेऱ्याचं घड्याळ अजून कुणी बदललं नसेल तर आजही काढता येतो. फक्त प्रमाण फोन आता भारतीय वेळ दाखवतोय आणि तिकडे नेपाळची दाखवत होता, हे विसरू नका. कॅमेऱ्याची वेळ मागे असेल तर निघालेल्या उत्तरात १५ मिनिटं मिळवा, पुढे असेल तर १५ कमी करा. घड्याळ कुणी बदलून बसलं असेल तर मग एकाच प्रसंगाचे दोन फोटो हाच मार्ग.

प्रमाण वेळ कुठली धरायची? आमच्या मते त्या ठिकाणची स्थानिक वेळ. पोखऱ्याजवळच्या सारंगकोटचा सूर्योदय दहा वर्षांनी पाहतानाही सकाळीच दिसायला हवा.

आता दुरुस्ती. 'कॅमेरा' फोल्डर उघडा, सगळे फोटो निवडा, आयटम → ॲडजस्ट टाइम अँड डेट. चौकटीत तीन भाग आहेत. पहिल्यात कुठली वेळ आधाराला घ्यायची ते विचारतं: तिथे मेटाडेटातली मूळ वेळ निवडा, फाइलीची मॉडिफाइड वेळ नव्हे. दुसऱ्यात 'ॲड' किंवा 'सबट्रॅक्ट' निवडून दिवस आणि तास-मिनिट-सेकंद भरा. आकडेमोड नको असेल तर तिथेच घड्याळाच्या फोटोवरून फरक काढायची सोय आहे: तो फोटो उघडायचा, त्यातल्या पडद्यावर दिसणारी वेळ टाइप करायची, फरक आपोआप भरला जातो. तिसऱ्या भागात बदललेली वेळ कुठे कुठे लिहायची ते विचारतं. डिजीकॅमची वेळ, एक्झिफचे तिन्ही रकाने, एक्सएमपी आणि फाइलीची मॉडिफाइड वेळ, सगळ्यांवर खूण करा. मॉडिफाइड मुद्दाम सांगतोय, कारण काही फोनमधल्या गॅलऱ्या तीच पाहतात.

ओके करण्याआधी यादीत जुनी आणि नवी वेळ शेजारी दिसते. पहिला आणि शेवटचा फोटो तपासा. दोन्ही पटले तरच पुढे जा.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे तीच क्रिया दोनदा चालवणं. पडदा लगेच बदलला नाही म्हणून माणूस पुन्हा ओके करतो, आणि १५ ऐवजी ३० मिनिटं मिळवली जातात. घाबरू नका, तेवढेच वजा करा. दुसरी चूक, ज्या फोनने सहलीत मधेच वेळ बदलली त्याचे सगळे फोटो एकदम हलवणं. सोनौलीची भारत-नेपाळ हद्द ओलांडण्याआधीचे आणि नंतरचे फोटो वेगळे निवडा.

झालं की सगळे फोल्डर एकत्र पाहा, व्ह्यू → सॉर्ट आयटम्स → बाय क्रिएशन डेट. अजून जुनीच वेळ दिसत असेल तर आयटम मेन्यूतलं 'रीरीड मेटाडेटा फ्रॉम फाइल' चालवा. त्यानंतरही जुनीच आली तर वेळ फाइलीत लिहिलीच गेली नाही. फाइल रीड-ओन्ली आहे का ते बघा, मेमरी कार्डाचं कुलूप लावलेलं नाही ना तेही.

ज्यांची वेळच पुसली गेली आहे

मूळ फोटो मिळत असतील तर मागा, त्याला पर्याय नाही. मूळ आणि व्हॉट्सॲपची प्रत दोन्ही असतील तर टूल्समधून फिंगरप्रिंट (सारखे फोटो ओळखायची खूण) तयार करून 'फाइंड डुप्लिकेट्स' चालवा, आणि छोटी प्रत काढून टाका. मूळ मिळणारच नसेल तर त्या प्रती आधी हाताने योग्य क्रमात लावून निवडा, त्याच चौकटीत स्वतः दिलेली तारीख-वेळ घ्या, आणि 'इंटरव्हल' निवडून प्रत्येक पुढच्या फोटोला एक मिनिट वाढवा. अशा फोटोंना 'वेळ अंदाजे' असा टॅग द्या. पुढे कुणी त्या वेळेवर विसंबून काही ठरवायला नको.

व्हिडिओ

एमपी४ फाइलीत वेळ ग्रीनिचची लिहावी असा नियम आहे, आणि फोन तो पाळतात. बरेच कॅमेरे आणि ॲक्शन कॅमेरे मात्र स्वतःच्या घड्याळाची वेळ तशीच लिहितात. म्हणून सगळ्या व्हिडिओंना सरसकट पावणेसहा तास मिळवू नका. प्रत्येक उपकरणाचा एक व्हिडिओ आणि त्याच वेळचा एक फोटो पडताळा, मग ठरवा. व्हिडिओच्या आत वेळ लिहिण्याची खात्री फोटोइतकी देता येत नाही, त्यामुळे डिजीकॅममध्ये वेळ सुधारून ती फाइलीच्या नावात उतरवणं हा जास्त टिकाऊ उपाय.

नाव बदला, पण आत्ताच

सगळे निवडून एफ२ दाबा. नावात आधी डेट अँड टाइमचा पर्याय, मग उपकरणाचं एक अक्षर, शेवटी ### टाकून क्रमांक. क्रमांक यासाठी, की सलग बर्स्टमध्ये एका सेकंदात पाच-सहा फोटो निघतात आणि नुसत्या वेळेवर नावं एकसारखी होतात.

हे डार्कटेबलच्या आधी करायचं. डार्कटेबल एडिटिंगची प्रत्येक पायरी शेजारच्या एक्सएमपी फाइलीत ठेवतं. मागाहून फोल्डरमध्ये जाऊन फक्त फोटोचं नाव बदललं तर जोडी तुटते आणि दोन संध्याकाळी बसून केलेले रंग दिसेनासे होतात. उलट, डार्कटेबलमध्ये आधीच आणलेल्या फोटोची वेळ डिजीकॅममध्ये बदललीत तर तिथे ती जुनीच दिसत राहते. फोटो निवडून 'रिफ्रेश एक्झिफ' दाबावं लागतं. गिंपमधून बाहेर काढताना 'सेव्ह एक्झिफ डेटा'ची खूण राहिली आहे ना बघा, नाहीतर लावलेली वेळ तिथेच गळते.

नकाशावर फोटो लावायचे असतील तर तेही वेळ सुधारल्यावरच. ऑसमअँड या नकाशाच्या ॲपमध्ये प्रवासाची नोंद केली असेल तर तिची जीपीएक्स फाइल डिजीकॅमच्या 'एडिट जिओलोकेशन'मध्ये उघडा आणि कॅमेऱ्याचा टाइमझोन ५:४५ द्या, कारण जीपीएक्समधली वेळ ग्रीनिचची असते. काठमांडू ते पोखरा हा सुमारे २०० किलोमीटरचा रस्ता मुगलिंगपर्यंत बराचसा त्रिशूली नदीच्या काठाने जातो. गाडी ताशी ३० किलोमीटरने चालली असेल तर १५ मिनिटांच्या चुकीने फोटो साडेसात किलोमीटर पुढे-मागे, भलत्याच पुलावर जाऊन बसतो.

वाटताना क्रम टिकावा म्हणून

डिजीकॅमच्या बॅच क्यू मॅनेजरमध्ये, म्हणजे अनेक फोटोंवर एकदम काम करायच्या सोयीत, सगळे फोटो टाका, लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेगची गुणवत्ता ९०, आणि निकाल वेगळ्या अल्बममध्ये जाईल असं ठरवा. मूळ फोल्डरवर काही लिहू देऊ नका. एक फोटो साधारण एक एमबीच्या आत येतो, ४०० फोटोंची झिप व्हॉट्सॲपच्या २ जीबीच्या मर्यादेत आरामात बसते. ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आतली वेळ, नावं, सगळं जसंच्या तसं पोहोचतं.

ग्रुपच्या बाहेर, समाजमाध्यमांवर कुठे टाकणार असाल तर या छोट्या प्रतींतून ठिकाणाचे आकडे काढून टाका. घरून निघतानाचा फोटो असेल तर त्यात तुमच्या घराचा पत्ता काही मीटरच्या फरकाने लिहिलेला असतो. जिओलोकेशनच्या यादीत फोटो निवडून उजवं क्लिक केलं की निर्देशांक पुसता येतात. मूळ फाइलींत ते राहू द्या.

एवढं करूनही एखाद्याच्या फोनवर क्रम उलटा दिसला, तर बहुतेक वेळा त्याने झिप उलगडून फोटो एकेक करून पुन्हा व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड केलेले असतात. त्याला झिपच पुन्हा पाठवा.